भाड्याची गाडी कोठून ताब्यात घ्यावी? : गोव्याच्या संदर्भात एक आढावा

परगावी गेल्यावर स्वतः चालवण्यासाठी गाडी भाड्याने घेणे ही गोष्ट मराठी प्रवाशाला आता नवी राहिलेली नाही. मात्र कोणती गाडी, किती भाडे आणि किती अनामत यांविषयी जेवढी चौकशी होते, तेवढी ती गाडी नेमकी कोठे ताब्यात घ्यावी याविषयी होत नाही. विमानतळ, रेल्वे स्थानक, शहरातील कार्यालय किंवा मुक्कामाचे ठिकाण यांपैकी काहीही निवडले तरी गाडी तीच मिळणार, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात भाड्याची एकूण रक्कम, अनोळखी रस्त्यावरील पहिल्या तासाचा धोका, गाडीची तपासणी किती नीट होते आणि परतीच्या दिवशीची धावपळ या सर्व गोष्टी या एका निवडीशी बांधलेल्या असतात. या लेखात या प्रश्नाचा आढावा मुख्यतः गोव्याच्या संदर्भात घेतला आहे, आणि त्यातून पुढे येणारे प्रतिपादन असे की जागेचा निर्णय हा मुळात दिवसाचा निर्णय असतो : गाडीची खरी गरज कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि कोणत्या दिशेच्या प्रवासासाठी सुरू होते हे ठरले, की ती कोठून घ्यावी याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते.

या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर जागेचा प्रश्न त्याच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला दिसतो. १९१८ साली वॉल्टर जेकब्ज यांनी शिकागोत फोर्डच्या डझनभर मॉडेल टी गाड्या घेऊन भाड्याचा धंदा सुरू केला आणि १९२३ मध्ये तो जॉन हर्ट्झ यांच्याकडे गेला, तेव्हा गाडी मिळण्याची जागा म्हणजे प्रामुख्याने शहरातील गॅरेज होती. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास वाढू लागला आणि १९४६ मध्ये वॉरन एव्हिस यांनी मिशिगनमधील विलो रन विमानतळावर गाड्या भाड्याने देण्यास आरंभ केला. उतरलेल्या प्रवाशाला गाडीसाठी शहरात जावे लागू नये ही त्यामागील कल्पना पुढे जगभर रूढ झाली. जॅक टेलर यांनी १९५७ मध्ये सेंट लुईस येथे सुरू केलेल्या आणि नंतर एंटरप्राइझ या नावाने वाढलेल्या कंपनीने याच्या उलट वाट धरली. ज्यांची स्वतःची गाडी दुरुस्तीला गेली आहे अशा स्थानिक रहिवाशांना समोर ठेवून तिने वस्त्यावस्त्यांत शाखा काढल्या, आणि विमानतळांकडे ती पुष्कळ उशिरा वळली. विमानतळावरील खिडकी आणि वस्तीतील शाखा यांच्या दरांत, वेळांत आणि अटींत आजही जो फरक आढळतो, त्याचे एक मूळ या दोन वेगळ्या ग्राहकवर्गांत आहे.

विमानतळावरील भाडे जास्त का असते, हे समजून घेण्यासारखे आहे. विमानतळाच्या आवारात व्यवसाय करणाऱ्या कंपनीला आपल्या उलाढालीचा काही हिस्सा विमानतळाच्या व्यवस्थापनाला द्यावा लागतो. अमेरिकेत हा हिस्सा साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास असतो आणि तो बिलात वेगळी ओळ घालून ग्राहकाकडून वसूल केला जातो. शिवाय गाड्यांसाठी बांधलेल्या सामाईक इमारतीचा खर्च भरून काढण्यासाठी दर दिवशी किंवा दर करारामागे आणखी एक शुल्क लावले जाते. हिस्सा टक्केवारीत असल्यामुळे दोन दिवसांच्या भाड्यावर त्याचा भार किरकोळ वाटतो, पण दोन आठवड्यांच्या भाड्यावर तो चांगलाच जाणवतो. याउलट शहरातील शाखेचे मूळ भाडे कमी असले तरी ती संध्याकाळी लवकर बंद होते, युरोपात अनेक ठिकाणी रविवारी उघडतच नाही, आणि तिच्याकडे गाड्या मोजक्या असल्याने आरक्षित केलेला प्रकार हाती पडेलच याची खात्री तुलनेने कमी असते. म्हणून दोन ठिकाणांच्या जाहिरातीतील दरांची तुलना निरर्थक ठरते. तुलना करायची तर सर्व कर व शुल्के धरून अखेरच्या बिलाची करावी लागते, आणि त्यात गाडीशिवाय शहरात पोहोचण्याचा खर्चही मिळवावा लागतो.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असूनही सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरून बार्ट या लोहमार्गाने शहराच्या मध्यभागी अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचता येते, शहरात ट्राम, बस आणि पायी फिरणे पुरेसे होते, आणि वाहन उभे करण्याचा रोजचा खर्च मात्र मोठा असतो. तेथे उतरताच गाडी घेणारा प्रवासी पहिले काही दिवस न वापरलेल्या गाडीचे भाडे आणि ती उभी करण्याचे भाडे अशी दोन्ही भाडी भरतो. किनाऱ्याने दक्षिणेकडे किंवा योसेमिटीकडे निघायच्या दिवशी सकाळी शहरातील शाखेतून गाडी घेणे हाच तेथे सरळ मार्ग ठरतो. इटलीतील फ्लॉरेन्ससारख्या शहरात तर गाडी शहरात नेणे हाच दंडाला आमंत्रण देणारा प्रकार आहे, कारण जुन्या भागातील मर्यादित वाहतूक क्षेत्रात, म्हणजे रहिवासी आणि परवानाधारक यांनाच वाहन आणण्याची मुभा असलेल्या हद्दीत, कॅमेरे पाट्या टिपतात. दंडाची नोटीस भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत घरापर्यंत येते, आणि चालकाची माहिती पोलिसांना पुरवल्याबद्दल कंपनी स्वतःचे शुल्क निराळे घेते. अशा शहरात गाडी शहराच्या वेशीबाहेरच घ्यावी आणि तेथेच परत करावी, हे कोणत्याही दरपत्रकापेक्षा मोलाचे आहे.

गोव्यात मात्र हे गणित उलटे होते, आणि म्हणूनच परदेशातील प्रवाशांसाठी सांगितले जाणारे ठोकताळे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. ओला आणि उबर यांच्या टॅक्सी गोव्यात चालत नाहीत. २०१८ पासून गोवामाइल्स ही ॲपवरील सेवा आहे, विमानतळांवर ठरावीक दराच्या टॅक्सींच्या खिडक्या आहेत आणि कदंब महामंडळाच्या बसगाड्या आहेत. परंतु दूरच्या किनाऱ्यापर्यंतचे टॅक्सीभाडे, ऐन हंगाम सोडला तर, लहान गाडीच्या एका दिवसाच्या भाड्याहून जास्त होते. विमानतळावर गाडी आणून देण्याचा थोडा आकार दिला तरी कुटुंबासह काणकोणला निघालेल्या प्रवाशाचे पैसे तेथेच वाचतात. म्हणजे विमानतळावरील गाडी महाग पडते हे परदेशात बहुधा खरे ठरणारे विधान गोव्यात अंतरावर अवलंबून राहते.

अंतराचा हा विचार गोव्यात नद्यांवरून करावा लागतो. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांनी किनारपट्टीचे तीन भाग केले आहेत : मांडवीच्या उत्तरेस पेडणे व बार्देश, दोन नद्यांच्या मध्ये पणजीसह तिसवाडी, आणि जुवारीच्या दक्षिणेस मुरगाव, सासष्टी व काणकोण. दाबोळी विमानतळ मुरगाव तालुक्यात वास्कोजवळ, म्हणजे जुवारीच्या दक्षिणेस आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. दोन्ही विमानतळांत साठ किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. पणजी दाबोळीपासून तीस किलोमीटरांच्या आत आणि मोपापासून सुमारे पस्तीस किलोमीटर असल्याने राजधानीच्या दृष्टीने दोन्ही जवळपास सारखेच. पण हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यांना मोपा जितका जवळ, तितकाच तो कोलवा, बाणावली आणि विशेषतः पाळोळ्याला दूर आहे. पाळोळे मोपापासून शंभर किलोमीटरांच्या घरात भरते. तिकीट स्वस्त मिळाले म्हणून मोपा निवडणाऱ्या आणि दक्षिणेत मुक्काम ठेवणाऱ्या प्रवाशाने हा दीर्घ प्रवास आपल्या हिशेबात आधीच धरला पाहिजे. तिकिटावर दोन्ही विमानतळांचे नाव गोवा असेच दिसत असल्याने गाडी एका ठिकाणी आरक्षित आणि विमान दुसऱ्या ठिकाणी, असा घोटाळाही संभवतो. दाबोळीचा संकेत जीओआय आणि मोपाचा जीओएक्स हे आरक्षण करताना पडताळून घ्यावे.

नद्यांवरील पूल मात्र गेल्या काही वर्षांत बदलले आहेत, आणि जुन्या अनुभवावर विसंबून निर्णय घेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. मांडवीवरील अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला, जुवारीवरील नव्या पुलाचा एक भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये वाहतुकीस मिळाला. पूर्वी कुठ्ठाळीपाशी जुन्या पुलावर होणाऱ्या कोंडीमुळे नदी ओलांडण्याचा वेळ सांगताच येत नसे. आता तो पुष्कळसा सांगता येतो. त्यामुळे नदीच्या अलीकडे की पलीकडे हा भेद पूर्वीइतका कठोर राहिलेला नाही, तरी अंतर आहे तेवढेच आहे.

महाराष्ट्रातील प्रवाशाच्या दृष्टीने विमानतळापेक्षा रेल्वे स्थानकाचा विचार अधिक जिव्हाळ्याचा असायला हवा, कारण मुंबई, ठाणे, रत्नागिरीकडून येणारा मोठा वर्ग कोकण रेल्वेनेच गोव्यात उतरतो. पेडणे, थिवी, करमळी आणि मडगाव ही त्याच्या उपयोगाची प्रमुख स्थानके होत. बार्देशातील कळंगुट, हणजूणसाठी थिवी, पणजी आणि जुन्या गोव्यासाठी करमळी, आणि सासष्टी व काणकोणसाठी मडगाव ही विभागणी स्वाभाविक असली, तरी सर्व गाड्या सर्व स्थानकांवर थांबत नाहीत. जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–मडगाव वंदे भारत याचे ठळक उदाहरण होय. मडगाव हे यांपैकी सर्वांत मोठे स्थानक असून तेथे भाड्याच्या गाड्या मिळवणे तुलनेने सोपे जाते. थिवी आणि करमळी ही लहान स्थानके आहेत, तेथे उतरल्यावर गाडी शोधू असे म्हणून चालत नाही. आधी ठरवलेली गाडी घेऊन मालकाचा माणूस येतो, आणि आगगाडीला उशीर झाला तर त्याच्या थांबण्याचा प्रश्न निर्माण होतो. म्हणून स्थानकावर गाडी मागवताना उशिराच्या प्रसंगी किती वेळ थांबणार हे आधीच बोलून ठेवणे आवश्यक ठरते.

ताब्याच्या जागेशी कायद्याचा एक महत्त्वाचा भाग जोडलेला आहे, तो पुष्कळांना माहीत नसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ७५ खाली केंद्र सरकारने १९८९ मध्ये रेंट-अ-कॅब योजना लागू केली. तिच्यानुसार स्वतः चालवण्यासाठी गाड्या भाड्याने देणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो आणि परवान्यासाठी किमान पन्नास गाड्यांची अट आहे. अशा गाडीची पाटी काळी आणि तिच्यावरील अक्षरे पिवळी असतात. खासगी गाडीची पाटी पांढरी असते आणि ती पैसे घेऊन भाड्याने देणे बेकायदेशीर आहे. पन्नास गाड्यांच्या अटीमुळे गाडी आणून देणारा, गाडीचा मालक आणि परवानाधारक या तीन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, आणि ही साखळी कोठे तुटलेली आहे हे कार्यालयात समोरासमोर व्यवहार करताना जेवढे लवकर कळते, तेवढे रस्त्याच्या कडेला किल्ली घेताना कळत नाही. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त म्हणून घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भाड्याच्या वापराचे कारण पुढे करून दावा नाकारू शकते; तेव्हा वाचलेले शेपाचशे रुपये कोणाच्याच कामी येत नाहीत. ज्या ठिकाणी परवाना आणि विम्याचा कागद पाहता येईल, तेच ताब्यासाठी योग्य ठिकाण, ही कसोटी दराच्या आधी लावली पाहिजे.

तपासणीचाही जागेशी निकट संबंध आहे. विमानतळाच्या वाहनतळावर मिनिटामिनिटाला आकार वाढत असतो, मालकाचा माणूस पुढच्या ग्राहकाच्या घाईत असतो, मुले कंटाळलेली आणि सामान उघड्यावर असते. अशा वेळी जुने ओरखडे, टायरची झीज, जादा चाक, इंधनाची पातळी आणि वातानुकूलन यांची तपासणी वरवर होते, आणि परतीच्या दिवशी अनामतीतून कापल्या जाणाऱ्या रकमेचे मूळ बहुधा या पाच मिनिटांत असते. मुक्कामाच्या ठिकाणी दिवसाउजेडी गाडी मागवली तर तीच तपासणी शांतपणे, चारही बाजूंचे चित्रीकरण करून करता येते. गोव्यात अनेक व्यावसायिक जेमतेम इंधनासह गाडी देतात आणि परतताना उरलेल्या इंधनाचे पैसे परत करत नाहीत, तेव्हा ताब्याच्या जागेपासून पहिला पेट्रोलपंप किती दूर आहे हेही पाहावे लागते. अनामतीपोटी मूळ आधारपत्र किंवा वाहनपरवाना ठेवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. तिला स्पष्ट नकार द्यावा, कारण परवाना चालकाजवळ असणे ही कायद्याची अपेक्षा आहे आणि ओळखीसाठी प्रत पुरेशी असते.

वेळेचा मुद्दा याहूनही गंभीर आहे. दाबोळी हा नौदलाचा तळ असून तेथे कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात, मोपावर तसे बंधन नाही आणि विमाने रात्रीही उतरतात. रात्री उशिरा उतरून, दिवसभराच्या कामाचा थकवा घेऊन, कधीही न चालवलेली गाडी अनोळखी रस्त्यावर नेणे हे या संपूर्ण विषयातील सर्वांत धोक्याचे पाऊल आहे. मोपाहून राष्ट्रीय महामार्ग ६६ ला जोडणारा धारगळचा रस्ता प्रशस्त आहे, पण महामार्ग सोडून किनाऱ्याकडे वळताच रस्ते अरुंद, वळणांचे आणि पुष्कळ ठिकाणी अंधारे होतात, भिंती रस्त्याला टेकलेल्या असतात, गुरे मध्येच बसलेली असतात. दक्षिणेकडे काणकोणच्या वाटेवरील करमल घाट दिवसाही सावध चालकाची परीक्षा पाहतो; पावसाळ्याच्या रात्री, प्रथमच, तो पार करण्याचे काहीच कारण नाही. रात्रीच्या विमानाने येणाऱ्याने टॅक्सीने मुक्कामी जावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तेथे मागवावी. टॅक्सीचे पैसे जास्त वाटले तरी एका दिवसाचे भाडे वाचते, आणि वाचलेल्या धोक्याची किंमत कोणत्याही हिशेबात बसत नाही.

पणजीत दोन-तीन दिवस राहून मग किनाऱ्याकडे जाणाऱ्यांसाठी उत्तर सॅन फ्रान्सिस्कोसारखेच येते. फोंतेन्यास, मळा, चर्चचा चौक, बाजार आणि मांडवीकाठ हे सर्व पायी पाहण्याचे भाग आहेत; गल्ल्या अरुंद आणि एकेरी आहेत, गाडी उभी करायला जागा मिळवण्यात सकाळ जाते, आणि बेतीची फेरीबोट किंवा जुन्या गोव्याची बस या गोष्टी गाडीवाचून अधिक सुखाच्या होतात. मोपाहून पणजी आणि मडगावकडे कदंबच्या बसगाड्या जातात. अशा प्रवाशाने बसने पणजी गाठावी, शहर पायी पाहावे आणि निघायच्या दिवशी पणजीतून गाडी घ्यावी.

सीमेचा प्रश्न थोडक्यात, पण जपून मांडावा लागतो. मोपा सावंतवाडीला जवळ असल्याने सिंधुदुर्गात जाणारे प्रवासीही तेथे उतरतात, आणि तेथेच गाडी घेऊन वेंगुर्ले किंवा मालवण गाठावे असे त्यांना वाटणे साहजिक आहे. परंतु गोव्यातील अनेक करारांत गाडी राज्याबाहेर नेण्यास मनाई असते किंवा त्यासाठी वेगळी परवानगी आणि पैसे लागतात, आणि अट मोडून गाडी बांद्याच्या पलीकडे नेली तर अपघाताच्या प्रसंगी सर्व जबाबदारी चालकावर येऊन पडते. जिनिव्हाच्या विमानतळावर अशाच स्थितीचे सुव्यवस्थित रूप पाहायला मिळते : तेथे स्विस आणि फ्रेंच असे दोन विभाग आहेत, दोन्हीकडे गाड्या मिळतात, फ्रेंच विभागातील भाडे बहुधा कमी असते, पण त्या गाडीवर स्विस महामार्गासाठी लागणारा ४० फ्रँकचा वार्षिक परवाना लावलेला नसतो, आणि परत करताना फ्रेंच हद्दीतूनच विमानतळात शिरावे लागते. कोणत्या बाजूने गाडी घेतली यावरून पुढील सर्व नियम ठरतात, ही गोष्ट तेथे प्रवाशाला आधी सांगितली जाते. सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्याने ती मोपावर स्वतः विचारून लेखी घ्यावी.

घेण्याच्या जागेइतकाच परत करण्याच्या जागेचा विचार आवश्यक आहे. उत्तरेत गाडी घेऊन दक्षिणेतून परतणे गोव्यात शक्य असते, कारण मालकाचा माणूस गाडी न्यायला येतो. त्याचे पैसे मात्र आधी ठरवावेत. परदेशात एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडलेल्या गाडीवर मोठे शुल्क लागू शकते, आणि भाड्याचा दिवस चोवीस तासांचा धरला जात असल्याने संध्याकाळी घेतलेली गाडी सकाळच्या विमानापूर्वी परत केली तर शेवटच्या दिवसाचे बरेच तास वाया जातात. घेण्याची वेळ परतीच्या वेळेवरून मागे मोजत ठरवणे हा यावरील साधा उपाय आहे.

गोवा सरकारच्या वाहतूक खात्याने आणि रेल्वे प्रशासनाने मडगाव, करमळी, थिवी, पेडणे या स्थानकांवर व दोन्ही विमानतळांवर परवानाधारक व्यावसायिकांची नावे, परवान्याची मुदत आणि राज्याबाहेर गाडी नेण्याच्या अटी मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत ठळकपणे लावाव्यात. आणि तोपर्यंत प्रवाशाने काळी पाटी, विम्याचा कागद आणि दिवसाचा उजेड या तीन गोष्टी जेथे एकत्र मिळतील तेथेच गाडीची किल्ली हाती घ्यावी.